पटावर फटफटी

ये मनू, अशी जवळ बैस. हो, ठाऊक आहे मला, तू तिकडं पुण्यात आणि मी इथं पोंभुर्ण्याकडच्या या घरात. पण वाचताना तरी जवळ बैस, आणि तो फोन जरा पालथा ठेव. दिवाळीला आलीस तेव्हा या आजीशी किती बोललीस, सांग बरं? आलीस, चिवड्याचा डबा मांडीवर घेतलास आणि तुझ्या बाबाशी भांडत बसलीस. भांडण कशाचं, तर मोटारींच्या शर्यतीचं. तीही अजून व्हायचीच होती! कुठल्याशा थंड मुलखात दाट झाडीतून चढत-उतरत जाणारा तो जुना रस्ता, तिथं म्हणे एका वळणावर ऊन आणि पुढच्या वळणावर पाऊस असतो. मग चाकं कोणती लावायची, चढावर कोण कोणाला मागं टाकील, कोणाचा चालक डोक्यानं थंड आणि कोणाचा तापट. भाजी करपली तरी बापलेकीचं लक्ष नाही. मी ओरडले, "अवो पोरी, न झालेल्या शर्यतीपायी झालेलं जेवण थंड करून राह्यली!" ओरडले खरी, पण पदराआड हसलेही. कारण तुझी ही खोड कुठून आली ते मला चांगलं ठाऊक आहे. ती खोड आपल्या रक्तातच आहे. आमच्या वेळी मोटारी नव्हत्या, पट होता. आणि एका वर्षी तर पटावर फटफटीच उतरली होती.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तू पाहिलाच नाहीस. मधे बरीच वर्षं बंद होता, आता पुन्हा भरतो, पण मी म्हणते तो पट वेगळा. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीखाली जमिनीची एक लांब पट्टी होती, तिच्यात कोणी कधी धान लावलं नाही. माझ्या आज्याच्या आज्यानंही तिथं जोड्या पळताना पाहिल्या होत्या म्हणत. शेजारी-शेजारी दोन वाटा, मधे मातीचा वितभर वरंबा. दोन जोड्या एकदम सुटायच्या, आपापल्या वाटेनं. तलावाकडची वाट ओलसर, दुसरी कोरडी. अर्ध्यावर एक मोहाचं झाड, आणि तिथं जमीन अंगात आल्यासारखी एका बाजूला कलते. चांगल्या-चांगल्या जोड्या तिथं बिथरायच्या. त्या ओल्या वाटेवर आणि त्या मोहावर गावातली माणसं इतकं बोलायची, इतकं बोलायची की पट संपून धुरळा बसला तरी बोलणं संपायचं नाही. "मोहाखाली धुरकऱ्यानं कासरा ढिला सोडावा की आवळावा?" यावरून आमच्या गावात साडू साडूशी बोलेनासा झाला होता. धुरकरी म्हणजे छकड्यावर बसून जोडी हाकणारा. आमच्या घरचा धुरकरी म्हणजे बा, माझा बाप.

बा धान पिकवायचा, पण जगायचा पटासाठी. संक्रांत जवळ आली की आमचं घर जसं चुलीवरचं आधण, सतत खदखदणारं. कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, लाल्या आणि बाशिंग्या, आमची जोडी. बाशिंग्याची शिंगं खरंच नवरदेवाच्या बाशिंगासारखी वर उभी होती. त्यांना भिजवलेली सरकी, उडदाचं पीठ आणि गूळ. आम्हाला लाखोळीचं वरण आणि भात. माय म्हणायची, "पुढच्या जल्मी मी बैलच होईन, निदान पोटभर कौतुक तं होईन." पाहुणे यायला लागायचे, कारण पटाच्या दिवसांत आमच्याकडं सोयरिकीही जुळतात. एका खाटेवर चौघं बसणार, वाळल्या झिंग्यांची चटणी आणि वांग्याची भाजी संपत नाही तोवर दुसरी हंडी चढणार. माय उखळात डाळ कांडायची तो धप्प-धप्प आवाज, कोठ्यातल्या घुंगरमाळांचा आवाज, सपरीवरच्या माणसांचा आवाज. सपरी म्हणजे आपली पुढची पडवी. या आवाजांत मला झोप लागायची नाही, अभ्यास व्हायचा नाही. पायात नुसती चुळबुळ. बसले तर उभं राहावंसं वाटे, उभी राहिले तर पळावंसं.

त्या घरात एकच माणूस शांत होतं, ती माझी मोठी बहीण कौशी. आम्ही थोरल्या बहिणीला बाई म्हणतो, म्हणून ती माझी कौशीबाई. आज तू तिला काठी टेकत चालताना पाहतेस, पण तेव्हा डोक्यावर तणसाचा भारा घेऊन ती बांधावरून अशी जायची की भारा हलायचा नाही. शाळा गावात होती तेवढी शिकून झाली होती आणि ती घरीच मॅट्रिकचा अभ्यास करायची. विहारात वंदनेला सगळे उठून गेले की ती मागं थांबायची आणि तिथल्या भिंतीला टेकून भूमिती सोडवायची. घरात गलका, तिथं शांतता.

तर धान निघालं आणि राजुऱ्याहून एक स्थळ आलं कौशीबाईसाठी. मुलाचं नाव यशवंत, कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. सोबत त्याचे काका. आले ते फटफटीवर. आमच्या गावात फटफटी पहिल्यांदा आली असं नाही, जंगल खात्याच्या साहेबाची येऊन गेली होती. पण आमच्या आंगणात थांबलेली ही पहिलीच. कोंबड्या छपरावर चढल्या. कोठ्यात लाल्यानं दावं तोडलं. बा पाहुण्यांना जयभीम करायचं सोडून आधी बैलाकडं धावला, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

चहा झाला, बोलणी सुरू झाली. काका भला माणूस, पण तोंडाचा फटकळ. सपरीवर बसल्या-बसल्या कोठ्याकडं पाहून म्हणाले, "जोडी चांगली हाये भाऊ. पण आता बैलाचे दिवस सरले. हे पोट्टं राजुऱ्याहून निंगालं तं चहा थंडा व्हायच्या आधी इथी."

बानं कप खाली ठेवला. "डांबरावर ना? डांबरावर तं गाढवही पयते."

"मंग कुठी पयवाचं म्हणता?"

"आमच्या पटावर आणा म्हणा. ओल्या वाटेवर. मोहाखाली फटफटी आडवी नाई झाली तं सांगा मले."

झालं! शेजारचे गोमाजी भाऊ कुंपणावरूनच ओरडले, "होऊन जाऊ दे गा!" गोमाजी भाऊ दरवर्षी पटाच्या शेवटच्या टोकाला उभे राहून निकाल द्यायचे, त्यांच्या शब्दाला मान. माणसं जमली. फटफटीची चाकं चिखलात फसतील की नाही, बैल सुटतानाच पुढं जातात की नाही, धूर नाकात गेला तर बैल थांबेल की जोरात पळेल. मुलगा मुलगी पाहायला आला होता हेच सगळे विसरले. यशवंत तेवढा त्यात नव्हता. त्याचं लक्ष आतल्या दाराकडं.

आणि मग नत्थूमामा बोलले. हे माझ्या मायचे भाऊ, पाहुणे म्हणून आलेले, आणि जिथं जातील तिथं काडी लावून शेकत बसणारे. मांडीवर थाप मारून म्हणाले, "असं करा ना. फटफटी जिकली तं सोयरीक पक्की. बैल जिकले तं पाहुण्यायनं दुसरं घर पाहावं. काऊन भाऊजी, हिंमत हाये का?"

सगळे हसले. बानं 'नाही' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. मिशीवरून हात फिरवून एवढंच बोलला, "आमचे बैल हारत नाई."

कौशीबाई दाराच्या आत रिकाम्या कपांसाठी ताट घेऊन उभी होती. मी तिच्या मागं. तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि मागच्या दारानं विहारात निघून गेली. मायनं रात्रीच्या भाताला मीठच घातलं नाही. बानं तो तसाच खाल्ला, मीठ मागितलं नाही. मागायला तोंड कुठं होतं?

दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. नदीवर, पिठाच्या गिरणीत, पोंभुर्ण्याच्या बाजारात. गाव मधोमध चिरलं. तरणी पोरं फटफटीकडून, म्हातारे बैलांकडून, आणि बायका? बायका म्हणायच्या, "पोरीले कोणी इचारलं का?" पण हे त्या एकमेकींच्या कानात म्हणायच्या. माझं तर विचारूच नकोस. सकाळी वाटे बैल जिंकावेत, आपल्या घरचं नाव आहे. दुपारी वाटे फटफटी जिंकावी, मला त्या फटफटीवर बसायचं होतं. आणि संध्याकाळी कौशीबाईचं तोंड पाहिलं की वाटे, पटच होऊ नये, तलावच फुटावा. एकदा ती जनावरांचं शेण काढत होती तेव्हा मी विचारलंच, "बाई, तुले कोणी जिकावं वाटते?"

तिनं मान वर केली नाही. "कोणीबी जिकलं तं मी हारलीच ना वो. तुले समजत नाई काय?"

"पण तुले तो आवडला का नाई?"

आता मात्र तिनं वर पाहिलं, शेणाच्या हातानं केस मागं सारले, कपाळाला शेण लागलं. "आवडला. म्हणूनच तं राग येऊन राह्यला मले."

इकडं बाची वेगळीच काळजी. फटफटीचा आवाज आला की लाल्या दावं तोडतो. पटावर शेजारी ती फटफट सुरू झाली तर बैल जंगलात पळून जातील. मग बानं डोकं चालवलं. आमच्याकडं नवा गोऱ्हा पटाला तयार करायचा तर त्याला आधी मुरलेल्या बैलाच्या मागं पळवतात. पुढचा पळतो, मागचा पाहून-पाहून पळायला शिकतो, त्याची भीती मोडते. बानं ठरवलं, तसंच करायचं. फटफटी पुढं, जोडी मागं. आवाजाची सवय होईल.

पण फटफटी आणणार कुठून? बानं लाज सोडून राजुऱ्याला निरोप धाडला. आणि यशवंत आला की! आपल्याविरुद्धच्या बैलांना तयार करायला खाणीच्या सुटीच्या दिवशी तो इतक्या लांबून यायचा. त्याला का म्हणून विचारलं तर म्हणे, "बैल घाबरले तं मी कोणाशी पयू?" नत्थूमामा डोळे मिचकावून म्हणायचे, "बैलासाठी येऊन राह्यला थो? येड्याले सांगा." पट्टीवर फटफटी हळू-हळू पुढं, मागं छकड्यावर बा. आधी बैल अडले, मग बिचकत चालले, मग धावले. शेवटी-शेवटी तर फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला की लाल्या-बाशिंग्या दाव्याला हिसडे द्यायचे, चला म्हणून. बाचं तोंड असं फुललेलं! माय पाळीवरून पाहत म्हणाली, "जावाई नाई झाला अजून, पण सासऱ्याले कामाले लावलं."

कौशीबाई बांधावरून जायची, डोक्यावर भारा. यशवंत फटफटीचा वेग कमी करायचा. बैलही तेवढाच वेग कमी करायचे. आम्ही सगळे ते पाहायचो आणि कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही, बघ. एवढं मोठं पटाचं जाणतं गाव!

पटाचा दिवस उजाडला. उडदाचे वडे केले होते, मी दोन पदरात बांधून घेतले आणि ते दिवसभर तसेच राहिले. तलावाच्या पाळीवर बायका, खाली पुरुष, झाडांवर पोरं. डफडी वाजत होती. इतर जोड्या पळून झाल्या, पण कोणाचं मन त्यात नव्हतं. लोक नुसते "कवा होते, कवा होते" करत होते. गोमाजी भाऊ शेवटच्या टोकाला फेट्याचं फडकं हातात घेऊन उभे; ते खाली टाकलं की निकाल लागला. चिठ्ठी न टाकताच यशवंत म्हणाला, "मी ओल्या वाटेनं जातो. बोलणंच ओल्या वाटेचं झालं होतं." लोकांनी टाळ्या पिटल्या. बा कोरड्या वाटेवर.

सुटले! बैल सुटतानाच पुढं गेले, जसं म्हातारे म्हणत होते तसंच. फटफटीचं मागचं चाक ओल्यात गरगर फिरलं, चिखल उडाला, आणि पाळीवर आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. मायनं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. बैल पुढं, बैल पुढं! मग चाकानं जमीन धरली आणि फटफटी सुटली, मोहापाशी बरोबरीला आली, आणि मग वितभर पुढं गेली.

आणि फटफटी पुढं गेलेली पाहिल्याबरोबर आमच्या लाल्या-बाशिंग्यानं काय करावं? वरंबा ओलांडला. छकडा उडाला, बा छकड्यावर आदळला, आणि जोडी ओल्या वाटेत शिरून फटफटीच्या मागं लागली. बरोबर मागं, जसं शिकवलं होतं तसं. ना पुढं जायचं, ना मागं पडायचं. बा कासरा ओढतोय, शेपट्या पिळतोय, ओरडतोय, "अबे पुढं! पुढं चाल ना बे!" बैल आपले वासरानं गाईमागं जावं तसे खुशीत. यशवंतनं मागं वळून पाहिलं, त्याला वाटलं जोडी अंगावर येतेय, त्यानं आणखी वेग वाढवला. बैलांनीही वाढवला. तसेच ते गोमाजी भाऊंच्या पुढून गेले, आणि गोमाजी भाऊंचं फडकं हातातच राहिलं.

मग जे भांडण झालं ना मनू, तुझी आणि तुझ्या बाबाची भांडणं त्याच्यापुढं काहीच नाहीत. "फटफटी जिकली, पुढं होती!" "पुढं कशी नाई राहीन, बैलायले शिकवलंच मागं राहाले!" "कोनं शिकवलं? त्याईच्या मालकानंच ना?" "वरंबा ओलांडला, जोडी बाद!" "बाद कशी? ओल्या चिखलात बी चाक सोडलं नाई, दम पाहा ना गा बैलाचा!" गोमाजी भाऊ कधी इकडं बघत, कधी तिकडं. फटफटी तशीच फट-फट करत उभी, तिच्या मागं तोंड लावून बैल उभे. आणि नत्थूमामा मधे नाचत, "पुढं ते पुढं! सोयरीक पक्की! नारळ आणा!" काकांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि बाच्या दिशेनं हात पसरून निघाले, व्याह्याची गळाभेट घ्यायला.

माझ्या शेजारची जागा रिकामी होती, ते मला तेव्हा दिसलं. कौशीबाई पाळ उतरत होती. बायांनी पटाच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही, असं आमच्याकडं मानत. ती त्या चिखलातूनच चालत गेली. आधी एक माणूस गप्प झाला, मग दुसरा, डफडीही थांबली. ती गोमाजी भाऊंसमोर उभी राहिली. आवाज कापत होता तिचा, मी सांगते तुला, पण थांबला नाही.

"गोमाजी भाऊ, बैलाचा निकाल तुम्ही लावा, तुमचा मान हाये. माहा निकाल तुमच्या हाती नाई. मले कोणी पटात लावलं ते माह्या बापानं सांगावं."

बानं कासरा हातातून सोडला नाही. खाली पाहत राहिला. एवढ्या माणसांत माझा बाप मी असा कधी पाहिला नव्हता.

मग ती यशवंतकडं वळली. "अन् तुमी. आधी ते बंद करा, मले ओरडता येत नाई."

त्यानं फटफटी बंद केली.

"माह्या मॅट्रिकचा पेपर हाये. तो होऊ द्या. मंग या. फटफटी नाई, काका नाई, कोणी नाई. एस्टीनं या. अन् मले इचारा. बाले नाई, मले."

यशवंतच्या तोंडावर चिखलाचे शिंतोडे. त्यानं ते पुसलेही नाहीत. म्हणाला, "इचारतो. पण नाई म्हणाल्या तं?"

"तं त्याच एस्टीनं वापस जासान."

आधी गोमाजी भाऊ हसले, मग पाळीवरच्या बाया हसल्या, आणि मग सगळा पटच हसला. निकाल लागलाच नाही. आजही गावात दोन म्हातारे बसले की तो वाद निघतो. गोमाजी भाऊ जाईपर्यंत म्हणायचे, फडकं खाली पडलं नाही म्हणजे पट झालाच नाही.

बा घरी आला तो जेवायला बसेना, कोठ्यात बैलांच्या अंगावरून हात फिरवत उभा. मायनं ताट तिथंच नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "बैलायनं ऐकलं नाई त्याचा राग पोरीवर काहाले काढता? बैलायले तुमीच शिकवलं. अन् पोरीलेही तुमीच शाळेत घातलं." बा लाल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मी राग नाई काढून राह्यलो. तिच्या तोंडाकडं कसं पाहू ते समजून नाई राह्यलं." हे मी कोठ्याच्या भिंतीआडून ऐकलं. आता मीही म्हातारी झाले, तेव्हा कळतं, माफी मागायची रीतच त्या पिढीच्या बापांना कोणी शिकवली नव्हती. त्यानं काय केलं तर दुसऱ्या दिवशी पोंभुर्ण्याला जाऊन तिच्यासाठी नवा कंदील आणला, विहारात वाचायला. हातात दिला नाही. तिच्या पुस्तकांजवळ ठेवला आणि शेतावर निघून गेला.

पेपर झाले. निकाल लागायच्या आतच यशवंत आला, एस्टीनं, एकटाच, फाट्यापासून उन्हात चालत. बानं त्याला सपरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि आत येऊन दाराशी उभा राहिला. "कौशे," तो म्हणाला, "थो आला हाये. तू बोल. तुले जे वाटन ते मले चालन." आमच्या घरात एखाद्या मुलीला असं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कौशीबाई बाहेर गेली. दोघं विहिरीच्या काठावर बसून बोलले, लांबवर, सगळ्यांना दिसतील असे पण कोणाला ऐकू येणार नाहीत असे. ती बोलत होती, तो मान हलवत होता. एकदा त्यानं मान हलवली नाही, तेव्हा ती उठून उभी राहिली. मग त्यानं काहीतरी म्हटलं आणि ती परत बसली. ऊन कलतं झालं तेव्हा ती आत आली आणि मायला म्हणाली, "हाव म्हटलं मी." विहारात लग्न लागलं. ती राजुऱ्याला गेली, तिथं पुढं शिकली, मास्तरीण झाली.

पण ती उठून उभी राहिली ते कशासाठी, आणि तो असं काय म्हणाला की ती परत बसली, हे तिनं मला आजवर सांगितलं नाही बघ. किती विचारलं! "माहं मी ठेवलं हाये," म्हणते आणि हसते. यशवंतभाऊ गेले तेव्हापासून ती जास्त गप्प असते. सध्या इथं माझ्याकडंच राहायला आली आहे, दुपारी आंगणात खाट टाकून पडते आणि तुझी चौकशी करते. मला नाही सांगायची, पण तुला सांगेल असं मला वाटतं. नातीला म्हाताऱ्या बाया सांगतात. तेव्हा मनू, सुटी मिळाली की ये, फार लांबणीवर टाकू नकोस. आमच्या दोघींच्या मधली खाट रिकामीच असते.